रोजचा नेम पुन्हा पुन्हा मोडतो? आधी बिघाड कुठं आहे ते बघा

तक्रार साधारण एकाच साच्यात येते. पहाटे उठून चालायला जायचं ठरवलं, किंवा रोज दहा पानं वाचायची, रोज डायरी लिहायची, रोज अर्धा तास इंग्रजी. पहिला आठवडा झकास जातो. दुसऱ्या आठवड्यात एक दिवस चुकतो, मग दोन, मग ‘या आठवड्याचं राहू दे, सोमवारपासून नव्यानं’. सोमवार उजाडतो, चार दिवस गाडी चालते आणि पुन्हा तेच. असं वर्षातून पाच-सहा वेळा झालं की माणूस स्वतःवर शिक्का मारून मोकळा होतो: माझ्यात सातत्यच नाही.

परभणीत माझी अभ्यासिका आहे. स्पर्धा परीक्षेची पोरं-पोरी, बँकेत नोकरी करून खात्यातल्या परीक्षा देणारे, एक निवृत्त तलाठी, असा सगळा मेळ तिथं बसलेला असतो. प्रत्येकानं समोरच्या प्लायवर टाइमटेबल चिकटवलेलं. नवं टाइमटेबल ओळखायला सोपं: तीन रंगांची स्केचपेनं, पट्टीनं मारलेल्या रेघा आणि ‘पहाटे ४:३० उठणे’ सगळ्यात वर, लाल अक्षरात. जुनं ओळखायलाही सोपं, कारण त्याच्यावरच नवं डकवलेलं असतं. एका खुर्चीसमोर असे थर इतके साचले होते की सेलोटेप ओढताना खालचं सनमाइकच उचकटून आलं.

या पोरांत चिकाटी नाही असं कुणी म्हणालं तर मी ऐकून घेणार नाही. त्यातली निम्मी सुट्टीत गावी गेली की दिवसभर वाकून सोयाबीन काढतात. चिकाटी भरपूर आहे, बिघाड दुसरीकडं असतो आणि तो प्रत्येकाचा एकाच जागी नसतो. म्हणून ‘इच्छाशक्ती वाढवा’ वगैरे सल्ले तूर्त बाजूला ठेवू.

आधी तपासणी

एक कागद घ्या आणि नेम शेवटच्या तीन वेळा कधी मोडला ते आठवा. ‘का मोडला’ हे लिहू नका, कारण तसं विचारलं की हात आपोआप ‘आळस’ लिहितो. त्या दिवशी घरात, शेतात, गल्लीत काय चाललं होतं एवढंच लिहा. दिवस आठवत नसेल तर फोनमधले फोटो आणि व्हॉट्सअ‍ॅपचे मेसेज मागं सरकवून बघा, लगेच सापडतो.

जिंतूर तालुक्यातल्या एका पोरानं दिलेला कागद असा होता. नळाला पाणी आलं, मोटार लावून टाकी आणि पिंपं भरण्यात सकाळ गेली. ताईच्या सासरची माणसं आली. गावी गेलो, लाईट रात्रीची होती, बाबांसोबत पाणी द्यायला गेलो. तीन ओळी, आणि आळस एकीतही नाही.

शिवाय यातली एकही गोष्ट अचानक टपकलेली नाही. आपल्याकडच्या बऱ्याच शहरांत नळाला रोज पाणी येत नाही, कुठं चार दिवसांनी येतं, कुठं आठ. पण येणार हे ठाऊक असतं. शेतीपंपाची थ्री फेज अनेक फीडरवर पाळीपाळीनं मिळते, काही दिवस दिवसा आणि काही दिवस रात्री. जून-जुलैत पेरणी. मग पोळा, आणि त्याच्या मागोमाग महालक्ष्म्या, म्हणजे घरातल्या बायकांचे आठ-दहा दिवस गेलेच. ऑक्टोबरात सोयाबीन, मग दिवाळी. तुळशीचं लग्न लागलं की माणसांची सुरू. वेळ अमावास्येला लातूर-धाराशिवकडं अख्खी शहरं रिकामी होऊन शेतात जातात. जानेवारीत तूर, मग बोर्डाच्या परीक्षा, मग पुन्हा लग्नसराई आणि चाळिशी ओलांडलेलं ऊन. हे सगळं वर्षाच्या सुरुवातीलाच कॅलेंडरात छापून आलेलं असतं. आपण नेम आखतो तो मात्र यातलं काहीच नसलेल्या दिवसासाठी. असे दिवस आपल्या वर्षात किती निघतात, बोटांवर मोजून बघा एकदा.

आता कागदाकडं. तिन्ही वेळा वेगवेगळी अडचण दिसत असेल तर लगेच पुढचा भाग तुमचा. तिन्ही वेळा पहाटच चुकली असेल तर त्याच्या पुढचा वाचा. अडचण कसलीच नव्हती, तरी मोडला, असं असेल तर सरळ शेवटाकडं जा.

खाडा पडला की रतीबच बंद

शंभरातल्या बहुतेकांचा बिघाड इथं असतो, म्हणून जरा थांबून लिहितो.

घरी दुधाचा रतीब कसा चालतो? स्वयंपाकघराच्या भिंतीवर कालनिर्णय, त्याला दोऱ्यानं बांधलेलं पेन. ज्या दिवशी दूध आलं नाही त्या चौकोनात ‘खाडा’ लिहायचं. म्हैस आटली, गवळ्याकडं लग्न होतं, पाऊस लागला, काही का असेना. महिनाअखेर खाडे वजा करून पैसे द्यायचे, आणि दुसऱ्या दिवशी दूध येतंच. दोन खाडे पडले म्हणून ‘आता हा महिना जाऊ द्या, पुढच्या महिन्यात पहिल्यापासून दूध लावू’ असं म्हणणारं घर मला माहीत नाही. स्वतःच्या नेमाचं मात्र आपण नेमकं हेच करतो.

अभ्यासिकेतलं एक बोलणं जसंच्या तसं देतो.

“सर, काल राहिलं वाचायचं. पाणी आलं होतं. सोमवारपासून परत चालू करतो.”

“आज कोणता वार?”

“गुरुवार.”

“मग आजचा, उद्याचा, शनिवार, रविवार, हे काहून सोडलेस?”

“नाही सर, अर्ध्यातून कसं… सोमवारपासून बरं पडतं.”

पाण्यानं एक खाडा पाडला. पुढचे चार त्यानं स्वतः जोडले. आणि त्याच्या डोक्यातला हिशोब विचाराल तर तो म्हणेल, पाण्यामुळं पाच दिवस गेले.

यावर मानसशास्त्रात जुनं काम आहे. १९७०च्या दशकात पीटर हर्मन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी खाण्यावर लगाम ठेवणाऱ्या लोकांवर प्रयोग केले. आधी मिल्कशेक पाजला आणि मग आइस्क्रीम समोर ठेवलं. पोटात मिल्कशेक गेल्यावर कमी खायला हवं होतं. पथ्य पाळणाऱ्यांनी उलट जास्त खाल्लं. पथ्य तर मोडलंच आहे, आता आजच्या दिवसाचं काय राहिलंय! नुकसान पेल्यानं थोडं केलं आणि त्या ‘जाऊ दे’नं जास्त.

सोमवारची ओढ मात्र खोटी नाही. सोमवार, एक तारीख, पाडवा, वाढदिवस अशा दिवशी नवं काही हाती घ्यायला माणसाला हुरूप येतो, हे हेंगचेन दाई, कॅथरीन मिल्कमन आणि जेसन रीस यांनी २०१४ साली दाखवून दिलं. पण तो हुरूप सुरुवात करायला उपयोगाचा आहे. परत येण्यासाठीही त्याचीच वाट बघायला लागलं की बुधवारचा प्रत्येक खाडा लांबत लांबत सोमवारला टेकतो.

एका खाड्यानं सवयीचं फारसं काही बिघडत नाही, हेही तपासून झालेलं आहे. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी ९६ जणांना प्रत्येकी एक रोजची सवय निवडायला सांगितली आणि १२ आठवडे नोंदी घेतल्या. ती सवय अंगवळणी पडायला लागणारा मधला आकडा ६६ दिवस निघाला. पण कुणाला १८ दिवस पुरले, तर कुणाचा अंदाज २५४ दिवसांवर गेला. सोप्या गोष्टी लवकर बसल्या, व्यायाम उशिरा. मधला एखादा दिवस चुकल्यानं सवय बसण्यावर म्हणावा असा परिणाम दिसला नाही. मग ते ‘२१ दिवसांत सवय’ आलं कुठून? मॅक्सवेल माल्ट्झ नावाच्या अमेरिकन प्लास्टिक सर्जननं १९६०च्या आपल्या पुस्तकात लिहिलं होतं की शस्त्रक्रियेनंतर रुग्णाला नव्या चेहऱ्याची सवय व्हायला निदान २१ दिवस लागतात. पुढं सांगणाऱ्यांच्या तोंडून आधी ‘निदान’ गळालं, मग चेहरा गेला, आणि राहिले नुसते २१ दिवस. बाविसाव्या दिवशी पहाटे डोळा उघडला नाही म्हणून हिरमुसलेली माणसं मी बरीच बघितली आहेत.

आता दुरुस्ती. तिचे दोन भाग आहेत आणि दोन्ही लागतात.

पहिला भाग म्हणजे अडचणीच्या दिवसाचं माप आधीच ठरवून ठेवायचं. रोज दहा पानं वाचत असाल तर पाण्याच्या दिवशी एक पान, टाकी भरेपर्यंत मोटारीशेजारी उभ्यानं. रोज पाऊण तास चालत असाल तर लग्नाच्या दिवशी मंडपाभोवती दोन फेऱ्या. डायरी असेल तर एक ओळ: ‘आज तूर काढली, पाठ धरली.’ हे माप इतकं बारकं हवं की दुसऱ्याला सांगायची लाज वाटावी. आणि ते त्या दिवशी ठरवायचं नाही, आधी लिहून ठेवायचं: पाणी आलं तर हे, पाहुणे आले तर ते. ‘अमुक झालं की मी तमुक करीन’ असं आधीच बांधून ठेवलेलं वाक्य नुसत्या निश्चयापेक्षा जास्त कामाला येतं, हे जर्मन मानसशास्त्रज्ञ पीटर गोलविट्झर यांनी १९९०च्या दशकात मांडलं आणि नंतरच्या पुष्कळ अभ्यासांत ते टिकलं. यात जादू काही नाही. पाण्याच्या दिवशी सकाळी डोकं पिंपात असतं, नवा निर्णय घ्यायला जागाच नसते.

दुसरा भाग खाड्याच्या नोंदीचा. केलं त्या दिवशी टिक, बारकं माप केलं तरी टिकच. नाही केलं तर चौकोनात खाडा आणि शेजारी एक शब्द: पाणी, लग्न, ताप, लाईट. महिनाअखेर ते शब्द वाचायचे. ‘पाणी’ चारदा आलं असेल तर स्वतःला बोल लावण्यात अर्थ नाही, नेमाची वेळच पाण्याच्या दिवशी संध्याकाळी हलवायला हवी. फोनमधल्या अ‍ॅपवर सलग दिवसांची साखळी दिसते, ती मला पटत नाही. चाळीस दिवसांची साखळी एका तापानं शून्यावर आली की ते शून्य बघून पोरं अ‍ॅपच काढून टाकतात. कालनिर्णयावर शून्य कधी होत नाही.

सलग दुसरा खाडा टाळा असं मी सांगतो. तोही पडला तर तिसऱ्या दिवशी या. वार कोणता ते बघू नका.

गावात हे कुणाला शिकवावं लागत नाही. दिवेलागणीला मारुतीच्या देवळात हरिपाठ असतो. पेरणीच्या दिवसांत निम्मे टाळकरी गायब. पेरणी उरकली की एक एक जण येतो, हातपाय धुऊन खुंटीवरचे टाळ काढतो आणि जो अभंग चालू असेल त्यात आवाज मिसळतो. कुणी त्याच्यासाठी पहिल्यापासून सुरू करत नाही, कुठं होतास म्हणून विचारतही नाही. अशीच माणसं चाळीस-चाळीस वर्षं हरिपाठ धरून असतात. (आणि यातलेच कितीतरी जण बीपीची गोळी मात्र हमखास विसरतात, त्याचं कारण पुढच्या भागात.)

घड्याळाला बांधलेला नेम

पहाटे पाचला उठा, गार पाण्यानं आंघोळ करा, ध्यान करा, डायरी लिहा, असं सांगणारे व्हिडिओ बनवणाऱ्यानं परभणीचा मे महिना काढलेला नसतो. गच्चीवर अंथरूण टाकलं तरी वारा सुटतो मध्यरात्र उलटून गेल्यावर, तेव्हा कुठं डोळा लागतो. आणि गार पाण्याचं म्हणाल तर त्या दिवसांत टाकीचं पाणी संध्याकाळी हाताला चटका देतं. रात्रीच्या लाईटवर पिकाला पाणी द्यायला दारं धरून पहाटे परत आलेल्याला पाचचा गजर लावायला सांगणं तर क्रूरपणा आहे. झोप कापून बसवलेला नेम टिकत नाही, आणि टिकला तर तब्येत जाते.

पण घड्याळाची खरी अडचण वेगळी आहे. पाच म्हणजे पाच ठरवलं की सव्वासहाला उठलेला माणूस ‘आजचं हुकलं’ म्हणून चालायलाच जात नाही. अमेरिकेत गूगलच्या कर्मचाऱ्यांवर एक अभ्यास झाला, २०२१ साली तो छापून आला. एका गटाला ठरवलेल्या वेळीच जिमला गेलं तर पैसे, दुसऱ्याला कधीही गेलं तरी पैसे. संशोधकांना वाटलं होतं की ठरावीक वेळेच्या गटाची सवय जास्त पक्की होईल. पैसे बंद झाल्यावर जास्त टिकला तो सवडीचा गट. ठरावीक वेळेवाले त्यांची वेळ हुकली की त्या दिवशी जिमला फिरकायचेच नाहीत.

मग नेम बांधायचा कशाला? घरात रोज घडतेच अशा एखाद्या कामाला. चहाचं आधण ठेवलं की. जनावरांना वैरण टाकून झाली की. देवापुढं दिवा लावला की. दुकानाचं शटर उघडून झाडून काढलं की. ही कामं उशिरा झाली तर नेमही उशिरा होतो, पण होतो.

बीपीची गोळी विसरणाऱ्या एका आजोबांचं असंच झालं होतं. गोळ्यांचा डबा कपाटात, आणि डोक्यात ‘सकाळी आठ’. आठला ते कधी शेतात, कधी पारावर. सुनेनं डॉक्टरांना विचारून गोळीची पट्टी देवघरात अष्टगंधाच्या डबीशेजारी ठेवली. पूजा झाली की कपाळाला गंध, गंध लावलं की गोळी. पूजा त्यांनी आयुष्यात चुकवलेली नाही, मग गोळीही चुकेना. गजर लावून, सुनेनं ओरडून, नातवानं फोन करून जे जमलं नव्हतं ते डबा एका खोलीतून दुसरीत नेल्यानं जमलं.

खुंटी निवडताना एवढं बघा की ती स्वतः रोजची आहे. ‘पोराला शाळेत सोडून आल्यावर’ ही खुंटी उन्हाळ्याच्या सुट्टीत निखळते. ‘पाणी भरून झाल्यावर’ ही तर आठवड्याची खुंटी झाली. आणि ‘जेवण झाल्यावर’ फार ढोबळ. ‘ताट मोरीत ठेवलं की’ म्हणा, म्हणजे पाय कुठं वळवायचे ते कळतं.

माप जास्त

यावर फार लिहायला नको. एका वेळी पाच नेम धरू नका, एकच धरा. पाडव्याला व्यायाम, वाचन, इंग्रजी, साखर बंद आणि फोन बंद, असं सगळं एकदम सुरू करणाऱ्याचं आंब्याच्या दिवसांत काय होतं ते सगळ्यांना माहीत आहे. आणि सुरुवातीचं माप तुमच्या चांगल्या दिवसावरून काढू नका, साधारण वाईट दिवसावरून काढा. कृषी विद्यापीठाच्या झाडीत वर्षानुवर्षं फिरायला येणारी माणसं बघा, त्यातली पळणारी थोडी. बहुतेक गप्पा मारत चालतात.

गाव बदललं

‘गावी असताना रोज तालमीत जायचो, इथं आल्यापासून सुटलं.’ छत्रपती संभाजीनगरला, लातूरला, पुण्याला शिकायला किंवा नोकरीला गेलेल्यांकडून हे नेहमी ऐकू येतं. लग्न होऊन सासरी गेलेल्या मुली हेच सांगतात, आणि दसऱ्यानंतर कोयते घेऊन उसाच्या फडावर जाणाऱ्या बीडच्या घरांतली पोरंही. त्यांचं तर वर्षातून दोनदा गाव बदलतं.

तालीम ही तुमच्या एकट्याच्या डोक्यात नव्हतीच. ती त्या रस्त्यात होती, हाक मारणाऱ्या दोस्तात होती, खिळ्याला टांगलेल्या लंगोटात होती. अमेरिकेतल्या वेंडी वूड आणि सहकाऱ्यांनी दुसऱ्या विद्यापीठात बदलून गेलेल्या विद्यार्थ्यांच्या व्यायाम, पेपर वाचणं, टीव्ही बघणं अशा सवयी तपासल्या, २००५ साली ते प्रसिद्ध झालं. जिथं नवी जागा जुन्यासारखी होती तिथं सवय टिकली, जागा वेगळी निघाली तिथं सुटली. म्हणजे तुम्ही बिघडला नाहीत, खुंट्या मागं राहिल्या.

उपाय असा की नव्या खोलीवर सामान लावतानाच नेमाची जागा ठरवायची. पहिल्याच दिवशी पुस्तक कुठं, चटई कुठं, बूट कुठं. महिनाभरानं ‘जरा सेट झालो की’ म्हणाल तर तोवर त्या कोपऱ्यात गॅसची टाकी आणि कांद्याची पिशवी बसलेली असते. फडावरच्या कोपीत, म्हणजे झोपडीत, कोपरा मिळत नाही हे खरं. तिथं वही-पुस्तक पिशवीत घालून आढ्याला टांगलेलं चालतं, रोज त्याच जागी असलं म्हणजे झालं. गावी सुट्टीला गेल्यावर काय करायचं त्याचं वेगळं माप ठेवा, इथलं माप तिथं ओढू नका.

बदलाचा एक फायदाही आहे. जुन्या खुंट्या सुटतात तेव्हा वाईट सवयीच्याही सुटतात. तंबाखू सोडायची असेल तर नव्या गावातला पहिला आठवडा वाया घालवू नका. टपरी कुठं आहे ते कळायच्या आधी उरका.

वेळच आपली नाही

वर लिहिलेलं सगळं पुरुषाच्या अंगानं वाचलं तर सोपं वाटतं. पण ज्या बाईचा दिवस सासऱ्यांच्या चहानं सुरू होतो आणि सगळ्यांची ताटं घासून संपतो, तिच्या नेमात बिघाड शोधण्यात अर्थ नाही. तिच्या हातात सलग अर्धा तास नसतो, आणि मिळाला तरी त्याच्यावर कुणाची ना कुणाची हाक असते. ‘कुठं निघालीस एवढ्या सकाळी?’ या एका प्रश्नानं बंद पडलेलं चालणं मी ऐकून आहे.

इथं दोन गोष्टी चालताना दिसतात. एक म्हणजे एकटीनं न धरता सोबतीनं धरणं. गल्लीतल्या चौघी मिळून निघाल्या की ‘कुठं निघालीस’चं ‘चालायला निघाल्या वाटतं’ होतं. भजनी मंडळ, बचत गट, पोरांच्या शाळेपाशी थांबणाऱ्या आया, यांतून अशी सोबत आपोआप जमते. दुसरी गोष्ट नवऱ्यासाठी आहे: ती जेवढा वेळ बाहेर असेल तेवढा वेळ चहा आणि पोरांचे डबे त्यानं बघायचे. घरातला नेम एकाचा असला तरी त्याची किंमत सगळ्यांनी थोडी थोडी भरायची असते. यावर मला ‘आमच्याकडं तसं नसतं’ असं सांगणारे भेटतात. मग बायकोच्या तब्येतीची तक्रार त्यांनी करू नये.

अडचण कसलीच नव्हती, तरी मोडला

पहिलं, नेम कुणाचा आहे ते बघा. बऱ्याचदा तो दुसऱ्याचा असतो. मित्र पहाटे पळतो म्हणून आपण पळायचं, वडील म्हणतात म्हणून एमपीएससी, रीलमध्ये कुणी पन्नास पुस्तकं वाचली म्हणून आपणही. आवडत नसेल तर सोडून द्या आणि त्याबद्दल मनाला लावून घेऊ नका. चालणं आवडत नाही आणि कबड्डी आवडते, तर कबड्डी खेळा.

दुसरं, फोन. उशाशी चार्जिंगला लावलेला फोन रात्रीचा तास आणि सकाळचा अर्धा तास खातो, त्यानंतर कुठलाही नेम उरत नाही. चार्जर दुसऱ्या खोलीत लावा, गजराला साधं घड्याळ घ्या. याहून शहाणपणाचा उपाय मला सापडलेला नाही.

तिसरं, आणि हे हसण्यावारी नेऊ नका: कधी कधी बिघाड नेमात नसतो, शरीरात असतो. बारा महिने दमल्यासारखं वाटतं, जिना चढला की धाप लागते, तर रक्त तपासा. बायकांत हिमोग्लोबिन कमी असणं आपल्याकडं फार आढळतं. थायरॉइड, शुगर हेही बघून घ्या. आणि दोन आठवड्यांहून जास्त मन कशातच लागत नसेल, झोप आणि भूक बिघडली असेल, पूर्वी आवडायचं तेही नकोसं झालं असेल, तर तिथं टाइमटेबल लावून उपयोग नाही, डॉक्टरांना दाखवायला हवं. सरकारची टेली मानस ही मोफत हेल्पलाइन १४४१६ या नंबरवर आहे, मराठीत बोलता येतं. नापिकी आणि कर्ज यांच्या ओझ्याखाली कुढणारा माणूस तुमच्या घरात असेल तर त्याला सातत्याचे धडे देऊ नका, त्याच्याशेजारी बसून हा नंबर फिरवा.

दुसरा नेम कधी जोडायचा?

हा प्रश्न हमखास येतो, आणि साधारण आठव्या दिवशीच येतो. घाई नको. पहिल्या नेमानं एक पेरणी, एक लग्नसराई किंवा निदान एक मोठा सण अंगावर घेऊन झाला, आणि त्यानंतर कुणी न सांगता तुम्ही परत आलात, की मग जोडा. दुसऱ्याला वेगळी खुंटी द्या. चहाच्या आधणावर पहिला असेल तर दुसरा दिवाबत्तीवर. आणि दुसरा जोडलात त्या महिन्यात पहिल्याचं माप वाढवू नका. दहा पानं असतील तर दहाच राहू द्या.